नसलेल्या लॅपटॉपची तक्रार

माझे नाव हवालदारांनी वरच्या चौकटीत लिहून घेतले आहे. वय एकोणपन्नास, काम चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासण्याचे, राहायला त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत. मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी शिकवले-पढवले नसताना, सांगते ते असे.

आज मला एका माणसाचा आवाज ओळखण्यासाठी बोलावले आहे. लॅपटॉप कंपनीचे मदत केंद्र असल्याचे भासवून लोकांचे संगणक ताब्यात घेणारी एक टोळी पोलिसांनी मागच्या आठवड्यात एका गोदामाच्या वरच्या खोलीतून पकडली. पकडलेल्यांपैकी एक जण म्हणतो, की त्याने एका चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना फोनवर सावध केले होते. त्या बाई म्हणजे मी. हे खरे निघाले तर त्याला साक्षीदार करता येईल, नाहीतर तो बाकीच्यांबरोबर आत जाईल. त्याच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नाही, असे हवालदारांनी मला आल्या आल्या सांगितले. म्हणून मी सावकाश बोलते आहे आणि माझे शब्द आहेत तसे लिहावेत अशी विनंती केली आहे. "इसम" हा शब्द मी जन्मात कधी उच्चारलेला नाही, तो काढावा. हवालदारांनी काढला आहे.

आमच्या वहिनी शिवणकारखान्यांना कपड्यांचे पॅटर्न काढून देतात. कॉलर किती वळायची, बाही खांद्याला कुठे मिळायची, हे सगळे त्या लॅपटॉपवर आखतात. त्यांच्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती. स्क्रीन मागे कोसळू नये म्हणून तिच्या पाठीशी इस्त्री उभी करून ठेवत असत. दादाला शर्टाला इस्त्री करायची असली की वहिनींचे काम बंद, आणि वहिनींचे काम चालू असले की दादा चुरगळलेला. त्यात एका कारखान्याचे हिवाळी कोटांचे मोठे काम येणार होते. नवा लॅपटॉप घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे बघण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण घरात मला चौकशी अधिकारी म्हणतात. हे लिहिताना हवालदार हसले.

मी दुकाने फिरले. सगळे विक्रेते जिभेवर साखर ठेवून बोलत होते. पण माल विकण्याआधी कोण गोड बोलत नाही? विकून झाल्यावर आणि बिघडल्यावर ती कंपनी कशी वागते, हे विकत घ्यायच्या आधी कळायला हवे होते. म्हणून मी ठरवले की लॅपटॉप घेतला आहे आणि बिघडला आहे असे समजून प्रत्येक कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन करायचा. बिघाडही मीच ठरवला. स्क्रीनवर मधूनमधून हिरवी रेघ उमटते आणि आपोआप जाते, एवढीच तक्रार सगळीकडे सांगायची, म्हणजे तुलना करता येईल.

असे करण्याची मला कामामुळे सवय आहे. गिऱ्हाईक खरेच बघून सांगते आहे की उगाच मान डोलावते आहे अशी शंका आली, तर आम्ही तपासणीच्या चौकटीत नंबर नसलेली साधी काच घालतो आणि विचारतो, "आता जास्त स्पष्ट दिसतंय?" जे "हो, हो, खूपच" म्हणतात, त्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची. त्यात रागवण्यासारखे काही नसते. लोकांना वाटते की बरोबर उत्तर द्यायचे असते.

वहिनींना हा प्रकार कळला तेव्हा त्या म्हणाल्या, "वन्सं, लॅपटॉप घ्यायचाय की सून बघायचीय?" मी म्हटले, "सून एक वेळ सांभाळून घेईल, कंपनी नाही घेणार."

पहिल्या कंपनीने फोन उचलला आणि गाणे लावले. ते ऐकत मी दोन गिऱ्हाइकांची नजर तपासली. दुसऱ्या गिऱ्हाइकाने शेवटी विचारले, "हे किती दिवस चालू आहे?" मग एक बाई आल्या आणि कागदावरून वाचावे तसे म्हणाल्या, की बंद करून चालू करा. रेघ कोणत्या रंगाची हे त्यांनी ऐकलेसुद्धा नाही. हिचे नाव मी गाणेवाली ठेवले.

दुसरी कंपनी आधी अनुक्रमांक मागत होती. लॅपटॉपच्या पाठीवर असतो तो. मी म्हटले, पुसला गेला आहे. मग बिल पाठवा. बिल सापडत नाही. "मग आम्हाला पुढे जाता येणार नाही, आपला दिवस चांगला जावो." मी तऱ्हेतऱ्हेने विनवले, पण तो माणूस जागचा हलला नाही. हिला अनुक्रमांकवाली म्हणून शून्य दिले आणि यादीतून काढून टाकले.

तिसऱ्या कंपनीचा नंबर मी फोनवर शोधला आणि सगळ्यात वर जो आला तो लावला. तो नंबर कंपनीचा नव्हता, टोळीचा होता, हे मला तेव्हा माहीत नव्हते. कंपनीचा यात दोष नाही, म्हणून तिचे नाव इथे घेऊ नये असे मीच सांगितले आहे.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. तरुण पुरुषाचा आवाज, नरम, घाई नसलेला. त्याने गाणे लावले नाही, अनुक्रमांक मागितला नाही. त्याने विचारले, "रेघ उभी येते की आडवी? स्क्रीन हलवल्यावर येते का, की तशीच?" हे मला आजवर कोणीच विचारले नव्हते. माझे कान टवकारले. मी म्हटले, उभी येते, स्क्रीन हलवल्यावर येते. तो म्हणाला, "मग स्क्रीनची पट्टी बिजागरीपाशी चेमटत असेल." इतके नेमके उत्तर ऐकून मला लॅपटॉप नसल्याचे वाईट वाटले. त्यानंतर त्याने आणखी थोडे सांगितले आणि एक प्रोग्राम डाऊनलोड करायला सांगितले. मी म्हटले, गिऱ्हाईक आले आहे, नंतर बघते. आपणहून परत फोन करू का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी त्याच नंबरवर पुन्हा फोन केला. ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी असे मला वाटले. फोन त्यानेच उचलला. त्याने विचारले, "मॅडम, काल सांगितलेला प्रोग्राम घेतलात?" मी उत्तर देण्याऐवजी विचारले, "तुमच्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या का तुटतात हो?" त्याने जरा थांबून सांगितले, "प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवलेत, मॅडम. खाली धातूची पट्टी नाही. उघडून बघाल तर लगेच कळेल."

मी म्हटले, "स्वतःच्या कंपनीबद्दल असं सांगता?"

त्याच्या मागे बऱ्याच माणसांचे आवाज येत होते आणि सगळे एकाच चालीत बोलत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. मी सांगून टाकले, की माझ्याकडे लॅपटॉप नाहीच, घ्यायचा आहे, आणि बिघडल्यावर तुम्ही कसे वागता हे बघायला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटले फोन कट झाला.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे परीक्षा घेत होतात?"

"हो."

"सगळ्या कंपन्यांची?"

"सगळ्यांची. हिरवी रेघ, एकच प्रश्न."

तो हसला. ते हसणे शिकवलेले नव्हते आणि मला आवडले, हेही लिहिले तरी चालेल. मग तो म्हणाला, "मॅडम, हा नंबर कंपनीचा नाही. इथून कोणी काही डाऊनलोड करायला सांगितलं तर करू नका. स्क्रीन दाखवा म्हटलं तर दाखवू नका. घरात कोणाकडे लॅपटॉप असेल तर त्यांनाही सांगून ठेवा."

मला आधी राग आला नाही, नवल वाटले. राग दुपारी आला. त्या क्षणी मी त्याला विचारले, मग तुम्ही कोण? त्याने सांगितले, की तो आधी खरोखरच एका कंपनीच्या केंद्रात दुरुस्तीचे काम करत होता, ते केंद्र बंद झाले, आणि इथे मदत केंद्राची नोकरी म्हणून आला. आल्यावर काय काम आहे ते कळले. मग सोडून का जात नाही, असे मी विचारले. त्यावर त्याने डाऊनलोडचे पुन्हा एकदा बजावले.

दुसरी कोणी असती तर तिने फोन आपटला असता. मी विचारले, "बरं, मग लॅपटॉप कोणता घेऊ?" हे ऐकून हवालदारांनी टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिले. पण समोर जाणकार माणूस होता, आणि चोरांच्या खोलीत बसला म्हणून त्याला बिजागरी कळत नव्हती असे थोडेच होते.

त्याने सांगितले ते मला जसेच्या तसे आठवते. तो म्हणाला, "फोनवरच्या आवाजावरून कंपनी जोखू नका. गोड बोलायला आठवड्यात शिकवता येतं. दुरुस्तीच्या दुकानात जा आणि विचारा, कोणत्या कंपनीचे पार्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत. ज्यांचे पार्ट मिळतात त्यांचेच लॅपटॉप दुरुस्त होतात, बाकीच्यांचे बदलायला लावतात. बॅटरीची वॉरंटी किती ते वेगळं विचारा, ती बहुतेकदा कमी असते. माणूस घरी येतो, की लॅपटॉप कुरिअरने पाठवावा लागतो, तेही विचारा." मी म्हटले, अनुक्रमांकवाली तर दारातही उभे करत नाही. त्यावर तो म्हणाला, "अनुक्रमांक विचारतात ते तुमचा लॅपटॉप कोणता, कधी घेतला, हे बघायला. त्याशिवाय पार्ट कोणता पाठवणार? आम्ही का विचारत नाही, ते आता तुम्हाला कळलं."

एवढ्यात त्याच्या शेजारी कोणीतरी आले असावे. आवाज एकदम पहिल्यासारखा नरम झाला. "तर मॅडम, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत," असे म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

मी त्याच आठवड्यात दोन-तीन दुरुस्तीच्या दुकानांत गेले. एका दुकानात बसणाऱ्या बाईंना वाटले की मी दुकान टाकायला निघाले आहे, म्हणून त्या आधी तुसडेपणाने बोलल्या. मग इस्त्रीची हकिकत सांगितल्यावर त्यांनी सगळे ड्रॉवर उघडून दाखवले. गाणेवालीचा ड्रॉवर रिकामा होता. अनुक्रमांकवालीचा इतका भरलेला, की बंद होईना. वहिनींसाठी आम्ही अनुक्रमांकवालीचा लॅपटॉप घेतला. तो जाड आहे, राखाडी आहे, आणि पहिल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "एवढं हिंडून ही वीट आणलीत?" आता त्यावर कोटांचे काम चालू आहे आणि दादाचे शर्ट सरळ असतात.

टोळीबद्दल कळवावे म्हणून मी तिसऱ्या कंपनीचा खरा नंबर लॅपटॉपच्या दुकानातल्या खोक्यावरून उतरवून घेतला आणि फोन केला. तिथल्या मुलीने अनुक्रमांक विचारला. मी म्हटले, माझ्याकडे तुमचा लॅपटॉप नाही. "मग तक्रार कोणत्या लॅपटॉपची?" कोणत्याच नाही, तुमच्या नावाने चोर बसले आहेत. "हो मॅडम, पण नोंद करायला अनुक्रमांक लागेल." ती मुलगी वाईट नव्हती. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर चोरांसाठी रकाना नव्हता, बस. तेव्हा मी या ठाण्यात येऊन नंबर दिला आणि तक्रार लिहून दिली.

त्या तक्रारीत मी या माणसाबद्दल काही बोलले नाही. मला वाटले, तो आता तिथे थांबणार नाही, पोलीस पोहोचतील तोवर केव्हाच निघून गेला असेल. तो निघून गेला नव्हता. म्हणजे ज्याने मला सावध केले तो माझ्याच तक्रारीमुळे सापडला. हे कळल्यापासून मला चैन नाही. वहिनी म्हणाल्या, "आधी पकडून दिलंत, आता सोडवायला निघालात." मी म्हटले, सोडवायला नाही, सांगायला निघाले आहे.

आज ठाण्यात मला या टेबलाशी बसवले. हवालदारांचा संगणक मध्येच अडकत होता. कंपनी कोणती असे मी विचारले, तेव्हा "सरकारी" असे उत्तर मिळाले. शेजारच्या खोलीत तिघांना बसवले होते. मधली भिंत लाकडी फळ्यांची आहे आणि छतापर्यंत जात नाही, त्यामुळे दिसत कोणी नाही, पण ऐकू सगळे येते. तिघांना एकामागून एक एकच वाक्य म्हणायला लावले, "नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकतो?" तिघांनी ते एकाच चालीत म्हटले. मी पुन्हा म्हणायला लावले. तरी फरक कळेना. मी म्हटले, मला सांगता येत नाही. हवालदार म्हणाले, "मग तसं लिहू का?"

मी थांबा म्हटले आणि तिघांना एक-एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. साहेबांना विचारून त्यांनी ती दिली. मी भिंतीकडे तोंड करून म्हटले, "माझ्या लॅपटॉपवर हिरवी रेघ येते. काय करू?"

पहिला म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, एक छोटा प्रोग्राम घ्यावा लागेल." सवय जात नाही, दुसरे काय. दुसरा म्हणाला, बंद करून चालू करा. मग तिसऱ्याची पाळी आली. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तेव्हा तो म्हणाला, "घेतलात का मॅडम शेवटी?"

मी म्हटले, "घेतला. अनुक्रमांकवालीचा."

"चांगलं केलंत."

तोच तो माणूस. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याने मला स्वतःहून सावध केले, माझे काही नुकसान केले नाही, उलट भलेच केले. एवढेच मला सांगायचे आहे.

इथपर्यंतचा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या फोनचा भाग वाचून ते दुसऱ्यावर आले, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम, मधलं राहिलं."

हवालदारांनी त्याला गप्प बसायला सांगितले. मी म्हटले, राहिले नाही, सगळे सांगितले आहे. हवालदार पुन्हा वाचू लागले. तो पुन्हा म्हणाला, "पहिल्या फोनचं राहिलं. तिथे सगळे फोन रेकॉर्ड होतात, मॅडम. ते मशीन साहेबांकडे आलंय. ते ऐकणार. माझं खोटं त्यात निघालं आणि तुमच्या जबाबात नसलं, तर तुम्ही पुढे जे खरं सांगितलंत, तेही कोणी धरणार नाही."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त विचारले, "आणखी काही आहे का?" मी हो म्हटले. ते खाली लिहिले आहे.

पहिल्या फोनवर बिजागरीचे सांगून झाल्यावर तो म्हणाला होता, "मॅडम, मला इथून तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस दिसतोय. आत्ता काढला नाही तर आतलं सगळं जाईल." त्या वेळी माझ्यासमोर टेबलावर काचा पुसायचे फडके आणि एक आरसा होता. लॅपटॉप नव्हता. त्याचा आवाज अगदी तसाच होता, रेघ उभी की आडवी विचारताना होता तसा, काळजीचा. मी नीट ऐकत होते, तो माझा धंदा आहे, तरी मला फरक कळला नाही. माझ्या जागी वहिनी असत्या आणि समोर त्यांचा लॅपटॉप असता, तर त्यांनी तो प्रोग्राम घेतला असता आणि इतक्या वर्षांचे सगळे पॅटर्न एका सकाळीत गेले असते. हे मला तेव्हाच दिसले होते. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तो त्यासाठी.

दुसऱ्या फोनवर माझ्याकडे लॅपटॉप नाही असे सांगितल्यावर मी पुढे असेही विचारले होते, "मग काल तुम्हाला दिसलं ते काय?" तो गप्प राहिला तो या प्रश्नावर. त्याने मला सावध केले ते त्यानंतर. म्हणजे त्याचे खोटे पकडले गेल्यावर. तेव्हा वर मी "स्वतःहून" असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. तो शब्द काढावा. हवालदारांनी माझ्यासमोर त्यावर काट मारली आहे.

मात्र पकडले गेल्यावर त्याला फोन कापून टाकता आला असता. रोज किती फोन येत असतील, त्यात एक चौकस बाई गेली असती तर कोणाचे काही अडले नसते. त्याने कापला नाही. शेजारी कोणी येऊन उभे राहीपर्यंत तो बोलत राहिला आणि जे बोलला ते सगळे खरे निघाले, मी एकेक जाऊन पडताळले आहे. हेही लिहावे. दोन्ही लिहावे, एकामुळे दुसरे खोडू नये. उजव्या डोळ्याचा नंबर मी डाव्याला देत नाही.

ही गोष्ट मला कोणी गाळायला सांगितली नव्हती. तो माझ्यामुळे आत आला आणि मला तो बाहेर यायला हवा होता, म्हणून मी गाळली. त्याच्याविषयी मला अजूनही आपुलकी वाटते, आणि त्याच्या त्या काळजीच्या आवाजाची अजूनही भीती वाटते. याचे काय करायचे ते साहेबांनी ठरवावे, मला ठरवता येत नाही.

शेवटी हवालदारांच्या परवानगीने मी भिंतीपलीकडे एक प्रश्न विचारला. माझ्याआधी किती जणांच्या लॅपटॉपमध्ये तुम्हाला व्हायरस दिसला? पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "ते माझ्या जबाबात सांगतो, मॅडम."

हवालदारांनी नवा कागद घेतला आणि ते तिकडच्या खोलीत गेले.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला गेला. पहिल्यांदा तो अपुरा होता आणि ते मला माहीत होते. दुसऱ्यांदा वाचला तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात मला काही घालायचे वा काढायचे नाही. सही केली आहे.